तेल अरबस्थानचें, जमीन राजापूरची

राजापूर तालुक्यांतील बारसू गांवाच्या सड्यावर एका मनुष्याची आकृति कातळांत कोरलेली आहे. तिच्या दोहों बाजूंस दोन वाघ आहेत. ती कोणीं कोरली व कशासाठीं कोरली, हें निश्चित सांगतां येत नाहीं. २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादींत कोंकणांतील ज्या कातळशिल्पांचा समावेश झाला, त्यांत बारसूचें हें शिल्पहि आहे. त्याच वर्षाच्या जानेवारींत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनीं पंतप्रधानांस एक पत्र धाडलें. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यासाठीं बारसू येथें सुमारें १३,००० एकर व तेलाच्या साठ्यासाठीं नाटे येथें २,१४४ एकर जमीन देतां येईल, असें त्यांत म्हटलें होतें. आणि यांतील बहुतेक जमीन पडीक आहे, असेंहि नमूद केलें होतें. एकाच जागेचीं हीं दोन वर्णनें ज्या कागदांत आहेत, ते दोन्ही कागद सरकारांतूनच निघाले आहेत. रत्नागिरीच्या तेल-कारखान्याचा वाद समजून घ्यावयाचा, तर या विसंगतीपासून आरंभ करणें सोयीचें आहे.

प्रथम त्या योजनेची रूपरेषा सांगितली पाहिजे. इंडियन ऑईल, भारत पेट्रोलियम व हिंदुस्थान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांनीं मिळून २०१७ च्या सप्टेंबरांत रत्नागिरी रिफायनरी अँड पेट्रोकेमिकल्स ही कंपनी स्थापिली. वर्षाला ६ कोटि टन कच्चें तेल शुद्ध करणारा कारखाना एकाच ठिकाणीं उभारावयाचा व त्यासाठीं सुमारें ३ लाख कोटि रुपये घालावयाचे, असा संकल्प होता. २०१८ च्या एप्रिलांत सौदी अरबस्थानची अराम्को व जूनमध्यें अबू धाबीची ॲडनॉक या कंपन्यांनीं भागीदारीचे करार केले. उभयतांचा मिळून अर्धा वाटा ठरला. ६ कोटि टन म्हणजे दररोज सुमारें १२ लाख पिंपें तेल. गुजराथेंत जामनगर येथें याच तोलाचा कारखाना आहे व तो जगांतील सर्वांत मोठा समजला जातो. परंतु तो १९९९ व २००८ अशा दोन टप्प्यांनीं उभा राहिला. रत्नागिरीस तेवढेंच काम एका नकाशांत मांडण्यांत आलें.

ज्यांच्या घरीं तेलाच्या विहिरी आहेत, त्यांनीं तेल शुद्ध करण्यासाठीं कोंकणांत कां यावें, असा प्रश्न कोणासहि पडेल. कच्चें तेल आहे तसें फारसें कशाच्याहि उपयोगाचें नसतें. तें साडेतीनशें अंशांच्या आसपास तापवून उंच मनोऱ्यांत सोडतात. हलकी वाफ वर जाते, जड भाग खालीं राहतो, आणि अशा रीतीनें गॅस, नाफ्था, पेट्रोल, रॉकेल, डिझेल हे पदार्थ निरनिराळ्या थरांवर वेगळे होतात. तळाशीं डांबरासारखा गाळ उरतो. पुढें हा जड भाग फोडून हलका करावयाचा, त्यांतील गंधक काढावयाचें, अशा अनेक क्रिया असतात. त्यांचीं यंत्रें इतकीं महाग कीं, कारखाना जितका मोठा, तितका दर टनामागें खर्च कमी. शिवाय शुद्ध केलेले अनेक पदार्थ निरनिराळ्या जहाजांनीं दूर नेण्यापेक्षां कच्चें तेल एकाच प्रचंड जहाजानें गिऱ्हाइकाच्या दाराशीं आणणें स्वस्त पडतें. यामुळें कारखाने विहिरीपाशीं न होतां बंदरापाशीं होऊं लागले. तेलाच्या मालकाचाहि यांत स्वार्थ आहे. परदेशांतील कारखान्यांत भांडवल घातलें म्हणजे आपल्या तेलाला पुढील तीस-चाळीस वर्षांचें गिऱ्हाईक मिळतें.

पूर्वींची रीत निराळी होती. आसामांत दिग्बोई येथें १८८९ सालीं तेल लागलें व १९०१ सालीं तेथेंच कारखाना झाला. इराणांत अबादान येथें इंग्रज कंपनीनें १९१२ सालीं कारखाना सुरू केला. तो उभारण्यांत व चालविण्यांत हिंदी कामगारांचे श्रम मोठे होते, आणि हिंदुस्थानांत जळणाऱ्या रॉकेल-पेट्रोलापैकीं बरेंचसें तेथूनच येई. १९५१ सालीं इराणनें आपला तेलधंदा राष्ट्राच्या मालकीचा केला. त्या झगड्यांत अबादान बंद पडलें. त्याच वर्षीं भारत सरकारनें परदेशी कंपन्यांशीं करार केले व त्यांतून मुंबईजवळ तुर्भ्यास १९५४ व १९५५ सालीं दोन कारखाने उभे राहिले. आपल्या देशांत तेलाचे मोठे कारखाने आले, याचा तेव्हां सर्वांसच आनंद झाला.

त्या करारांतील एक कलम मात्र पुढें महाग पडलें. कारखाने पंचवीस वर्षें ताब्यांत न घेण्याची हमी सरकारनें दिली होती, आणि कच्चें तेल कोठून आणावयाचें हें कंपन्यांच्या मर्जीवर ठेवलें होतें. १९६० सालीं रशियानें स्वस्त तेल देऊं केलें, तेव्हां तें शुद्ध करून देण्यास कंपन्यांनीं नकार दिला. कारखाने मुंबईंत, कामगार मुंबईचे, गिऱ्हाईक येथलें. परंतु कोणाचें तेल शिजवावयाचें हें ठरविण्याचा अधिकार परदेशीं. १९७४ व १९७६ सालीं हे कारखाने सरकारच्या मालकीचे झाले, तेव्हां ही अडचण संपली. कारखाना कोणाच्या भूमीवर आहे यापेक्षां कागदावर कोणत्या अटी आहेत याला महत्त्व अधिक, हा धडा तुर्भ्यानें दिला.

आफ्रिकेंतील नायजेरियाची कथा याहून विचित्र आहे. तेथें १९५६ सालीं तेल सांपडलें. सरकारनें चार कारखाने बांधले. त्यांची एकंदर शक्ति दररोज ४ लाख ४५ हजार पिंपांची. परंतु देखभालीअभावीं ते हळूहळू थंडावले आणि तेलाच्या सागरावर बसलेला देश पेट्रोल बाहेरून विकत घेऊं लागला. नायजर नदीच्या मुखाकडील कोळी व शेतकरी यांच्या खाड्या तेलगळतीनें नासल्या, पण त्यांच्या दिव्याला लागणारें तेल मात्र परदेशांतून येई. अखेरीस डांगोटे या उद्योगपतींनीं लागोस शहराजवळ लेक्की येथें दररोज साडेसहा लाख पिंपांचा कारखाना बांधला. २०२३ च्या मे महिन्यांत त्याचें उद्घाटन झालें, २०२४ सालीं त्यांतून डिझेल व पेट्रोल निघूं लागलें. या बांधणींत भारत सरकारच्या इंजिनियर्स इंडिया या संस्थेनें सल्लागाराचें काम केलें. गंमत अशी कीं, स्वदेशीं तेल असूनहि पुरेसा पुरवठा न मिळाल्यामुळें या कारखान्यास कांहीं काळ अमेरिकेचें कच्चें तेल आणावें लागलें. जमिनींत तेल असणें व जनतेच्या हातांत तें येणें, या दोन गोष्टींत किती अंतर असूं शकतें, हें यावरून दिसतें.

भारताची स्थिति या दोहोंच्या मधली आहे. १९७४ सालीं मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत तेल लागलें आणि १९७६ पासून 'बॉम्बे हाय'चें तेल निघूं लागलें. तरीहि देशाच्या गरजेपैकीं शेंकडा पंच्याऐंशींहून अधिक कच्चें तेल बाहेरून येतें. इराणी आखातांतून येणाऱ्या जहाजांना पश्चिम किनारा जवळचा. वाडीनार, जामनगर, मुंबई व मंगळूर येथें कारखाने आहेतच. मुंबई व मंगळूर यांच्यामधील किनारा मात्र मोकळा आहे. अर्थातच योजकांची दृष्टि रत्नागिरी जिल्ह्यावर गेली. त्यांच्या हिशेबांत चूक नव्हती. मात्र त्या हिशेबांत जमीन हा केवळ एक आंकडा होता.

२०१७ च्या मे महिन्यांत नाणार व आसपासचीं राजापूर तालुक्यांतील गांवें औद्योगिक क्षेत्र म्हणून अधिसूचित झालीं. विजयदुर्गच्या खाडीपलीकडील गिर्ये व रामेश्वर या देवगड तालुक्यांतील गांवांचीहि जमीन योजनेंत होती. एकंदर सुमारें १५,००० एकर. ज्या कायद्यानें हें झालें, तो १९६१ चा आहे. त्याची रीत अशी कीं, आधीं अधिसूचना निघते व मग हरकती ऐकल्या जातात. गांवकऱ्यांना आपली घरें, देवळें व कलमांच्या बागा नकाशांत गेल्याचें नकाशा झाल्यावर कळलें. ग्रामसभांनीं विरोधाचे ठराव केले. बाहेरच्या लोकांनीं अगोदरच जमिनी घेऊन ठेविल्याच्या तक्रारी झाल्या. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वीं सत्तेंतील दोन पक्षांची युति जमली आणि मार्चच्या आरंभीं ती अधिसूचना रद्द झाली. ज्या नकाशासाठीं अरबस्थानपर्यंत करार झाले, तो निवडणुकीच्या तोंडावर एका घोषणेनें पुसला गेला. गांवकऱ्यांस जें हवें होतें तें मिळालें. परंतु त्यांचें म्हणणें खरें कीं खोटें, याचा निकाल कोणींच दिला नाहीं. म्हणूनच तीन वर्षांनीं तोच प्रश्न कांहीं मैलांवर बारसूस पुन्हां उभा राहिला.

आतां 'पडीक' या शब्दाकडे वळावें. सडा म्हणजे जांभ्या दगडाचें पठार. उन्हाळ्यांत तें भाजलेल्या विटेसारखें दिसतें आणि मोटारींतून जाणाऱ्यास तेथें कांहींच नाहीं असें वाटतें. पण कोंकणांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, त्यांतील पाणी सच्छिद्र जांभ्यांतून झिरपतें व खालच्या चिकट मातीच्या थरावर अडून उताराला झऱ्यांच्या रूपानें बाहेर येतें. वाड्या वसल्या आहेत त्या या उतारावर; त्यांच्या विहिरी, पोफळी व भातखाचरें जगतात तीं या पाण्यावर. श्रावण-भाद्रपदांत सड्यावर गवत व रानफुलें येतात, गुरें चरतात. त्यांतहि मोठी गोष्ट अशी कीं, सुरुंगानें कातळ फोडून, खड्डे पाडून, बाहेरून माती आणून याच जमिनींत हापूसचीं कलमें लावलीं गेलीं. १९९० सालीं राज्य सरकारनें रोजगार हमीच्या पैशांतून फळबागांची योजना काढली, तिच्यामुळें आंबा-काजूचें क्षेत्र फार वाढलें. म्हणजे पडीक जमीन बागायत करा, असें सांगणारें सरकार व ती पडीकच आहे, असें लिहिणारें सरकार एकच. २०१८ सालीं कोंकणच्या हापूसला भौगोलिक मानांकनहि मिळालें.

सातबाऱ्याची गोष्ट आणखी निराळी. एकेका उताऱ्यावर चाळीस-पन्नास नांवें असतात. त्यांतील कांहीं माणसें हयात नाहींत, कांहीं लालबाग-परळांत, कांहीं डोंबिवली-विरारकडे. गणपतीला व शिमग्याला गांवीं येणारा चाकरमानी त्या जमिनीवर पोट भरीत नाहीं हें खरें. पण ती आहे म्हणून त्याला परत जाण्यास ठिकाण आहे. १९८२ च्या गिरणीसंपानंतर ज्यांचें काम गेलें, त्यांतील अनेकांनीं हें अनुभवलें आहे. खाडींत व समुद्रांत मासळी धरणाराची स्थिति तर याहून बिकट. समुद्राला सातबारा नसतो. म्हणून जमीनधारकाला मोबदला ठरला, तरी नाटे येथील मच्छीमाराच्या हातीं काय पडणार, याचें उत्तर सोपें नाहीं.

रत्नागिरीच्या लोकांना अविश्वासाची संवय एकाएकीं लागलेली नाहीं. रत्नागिरी शहराजवळ स्टरलाईटचा तांबें वितळविण्याचा कारखाना उभा राहत होता; १९९३ सालीं लोकांनीं आंदोलन करून तो थांबविला. तो तामिळनाडूंत तुतिकोरीनला गेला. तेथें २०१८ च्या मे महिन्यांत त्याच कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर गोळीबार होऊन १३ माणसें मृत्युमुखीं पडलीं व कारखाना बंद झाला. गुहागर तालुक्यांत एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प आला. त्याचा करार १९९५ सालीं राज्य सरकारनें मोडला, १९९६ सालीं पुन्हां केला; १९९९ सालीं वीज सुरू झाली आणि ती इतकी महाग पडली कीं, २००१ सालीं प्रकल्प बंद पडला. जैतापूरच्या ९,९०० मेगावॉटच्या अणुवीज प्रकल्पासाठीं जमिनी घेतल्या गेल्या. २०११ च्या एप्रिलांत नाटे येथें पोलिसांच्या गोळीबारांत एक मच्छीमार ठार झाला. प्रकल्प आजवर उभा राहिलेला नाहीं. तेलाच्या टाक्यांसाठीं पुढें सुचविलेलें नाटे तें हेंच.

कारखान्याच्या बाजूनें बोलणाऱ्यांचेंहि म्हणणें नीट ऐकलें पाहिजे. कोंकणांतील अनेक शाळांत पटावर मोजकीं मुलें उरलीं आहेत. आंब्याचें पीक लहरी हवामानानें बुडालें तर बागाइतदार कर्जांत बुडतो. तरुण मुलगा दहावी-बारावी झाला कीं मुंबई-पुण्याची गाडी धरतो. मागें म्हातारीं माणसें व कुलुपें राहतात. अशा जिल्ह्यांत बांधकामाच्या काळांत लाखाहून अधिक लोकांना काम मिळेल, वाहनें, खाणावळी, दुरुस्तीचे कारखाने वाढतील, तंत्रशिक्षण येईल, असें म्हणणारा माणूस गांवाचा वैरी नव्हे. कोंकणी माणसानें सदैव मनिऑर्डरवर जगावें, असें मुंबईंत बसून म्हणणें सोपें आहे. मात्र एक भेद ध्यानांत ठेवावा. मोठें मनुष्यबळ लागतें तें कारखाना बांधतांना. तो सुरू झाल्यावर यंत्रें व थोडे कुशल लोक काम करतात. तेव्हां बांधकामाचे रोजगार व कायमचे रोजगार यांचे आंकडे निरनिराळे मांडले गेले पाहिजेत.

शहरांतील घरांनाहि आपला हिस्सा या हिशेबांत धरावा लागेल. मुंबईच्या चुलींतला गॅस व मोटारींतलें पेट्रोल कोठून तरी येतेंच. त्याची किंमत आजवर माहुलच्या रहिवाशांनीं श्वासांतून दिली आहे. २०२० सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें माहुल परिसराच्या दूषित हवेबद्दल चार कंपन्यांवर मिळून सुमारें २८६ कोटि रुपयांची भरपाई बसविली. त्यांत दोन सरकारी तेलकंपन्याहि होत्या. ज्यांच्या हातीं रत्नागिरीची योजना होती, त्यांतल्याच या दोन. राजापूरच्या माणसानें हा निकाल वाचून शंका घेतली, तर त्याला विकासविरोधी म्हणतां येणार नाहीं.

२०२३ च्या एप्रिलच्या अखेरीस बारसूच्या सड्यावर मातीपरीक्षणासाठीं यंत्रें आलीं. त्यांच्या मागोमाग मोठा पोलिस बंदोबस्त आला. बाया रस्त्यावर आडव्या पडल्या. २८ एप्रिलला लाठ्या चालल्या, अश्रुधूर सुटला. मातीचे नमुने घेण्यास हरकत काय, असें अधिकारी विचारीत होते. नमुने घेतल्यावर आमचें कोण ऐकणार, असें गांवकरी विचारीत होते. दोन्ही प्रश्न रास्त होते; पण ते एकमेकांस विचारण्याची जागा सडा नव्हे व ती वेळहि नव्हे. ती वेळ नकाशा काढण्यापूर्वींची होती. पुढें कारखान्याचा आकार लहान करण्याची चर्चा झाली. परंतु नाणारला किंवा बारसूला कारखाना उभा राहिलेला नाहीं.

या सर्व हकीकतीचा सारांश असा कीं, आंबा कीं तेल, असा हा वाद मुळांत नाहीं. जो करार अरबस्थानशीं झाला, तसा राजापूरशीं झाला नाहीं. अराम्कोला अर्ध्या वाट्याचा कागद मिळाला. सड्याखालच्या झऱ्यावर जगणाऱ्या वाडीला कोणता कागद मिळाला? कारखान्याला पाणी कोठून येणार, कोयनेचें अवजल आणावयाचें तर वाटेंतील गांवांना त्यांतून किती. झरे आटल्यास जबाबदारी कोणाची. हवा व पाणी मोजणारा कंपनीचा नोकर असेल कीं स्वतंत्र माणूस, आणि ते आंकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दररोज लागतील कीं नाहीं. मच्छीमाराचा हक्क कोणत्या नोंदींत बसेल. जमीन देणारास एकरकमी पैसे द्यावयाचे कीं कारखाना चालेल तोंवर भाडें द्यावयाचें. आणि ६ कोटि टनांऐवजीं लहान कारखान्यानें काम भागत असेल, तर तो कां नको? असे कारखाने उभे राहण्यास आठ-दहा वर्षें लागतात व पुढें ते चाळीस वर्षें चालतात. रस्त्यावर विजेच्या मोटारी वाढत असतां, इतक्या पुढचा विचारहि या कागदांत आला पाहिजे.

हीं कलमें गांवकऱ्यांच्या समक्ष, मराठींत, ग्रामसभेंत वाचलीं जावीं आणि मग होकार किंवा नकार घ्यावा. होकार आला तर पोलिसांची गरज पडणार नाहीं. नकार आला तर तोहि मानावा लागेल. कारण नाहीं म्हणण्याची मुभा नसेल, तर होकाराला अर्थ राहत नाहीं. दूरच्या राज्यांशीं वर्षांनुवर्षें चर्चा करण्याइतका धीर ज्यांच्या अंगीं आहे, त्यांना राजापूरच्या वाड्यांत चार पावसाळे बसणें जड जाऊं नये. तेथें बसलें म्हणजे सड्यावर पडलेलें पाणी कोठें जातें, हेंहि त्यांच्या दृष्टीस पडेल.